पुनरावृत्ती झाली नाही

सत्यशीलाने भिंतीवर यादी चिकटवली तेव्हा तिच्यात चारच नियम होते. पाचवा तिने एका मंगळवारी, वैतागून, उभ्या उभ्या लिहिला.

यादी नवशिक्यांसाठी होती. दोन हजार तीन सालची गोष्ट. एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर रंगनाथ सरांची कंपनी होती. अकरा माणसं, नऊ कॉम्प्युटर आणि फोनवर बोलायला एक बाल्कनी. असे बंगले तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली झाले होते. खाली मालक राहायचे आणि चपला कुठे काढायच्या याची पाटी लावायचे, वर कुणीतरी कुणासाठी तरी वेबसाइट बनवत असायचं. सत्यशीला वानखडे अमरावतीहून फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन आलेली. दोन वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवलं, मग जावाचा कोर्स केला, नोकरी धरली, आणि आता तिच्या हाताखाली दोन नवी माणसं दिली होती. एक सदाशिव पेठेतली शेफाली, दुसरा वारज्याचा जयसिंग बराटे.

दोघंही रोज चुकायचे. त्याचं तिला काही नव्हतं. रोज त्याच चुका करायचे, त्याने मात्र तिचं डोकं उठायचं. नवी चूक तिने आनंदाने समजावून दिली असती.

वेबचं पान म्हणजे एक साचा. मजकूर ठरलेला, मध्ये मध्ये रिकाम्या जागा, आणि बघणाऱ्या माणसाप्रमाणे त्या जागा भरायच्या. भरायला टक्क्याच्या खुणेचे कंस, तीन प्रकारचे. साध्या कंसातलं काम गुपचूप होतं, पानावर काही दिसत नाही. बरोबरच्या चिन्हाच्या कंसात जे लिहाल त्याचं उत्तर पानावर छापलं जातं. आणि उद्गारचिन्हाच्या कंसात जे जाहीर कराल ते साऱ्या पानाचं होतं. काम करा, छापा, जाहीर करा. पाचवीतल्या मुलाला गणितातले तीन कंस कळतात, मग पदवीधरांना हे का कळू नये, असं ती आधी मनात म्हणायची. पुढे पुढे मोठ्याने म्हणायला लागली.

शेफाली छापायच्या कंसात अर्धविराम टाकायची आणि अख्खं पान कोसळायचं. जयसिंग बरोबरचं चिन्ह विसरायचा. मग नावाच्या जागी नुसती मोकळी जागा यायची आणि हा गडी तासभर डेटाबेसमध्ये नाव शोधत बसायचा. माहिती भरलेलीच नसेल तर काय, हे तपासायला दोघंही विसरायचे, आणि तिथे इंग्रजीत 'नल' असं छापून यायचं.

ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या शैलाताई कसबा पेठेत वधूवर सूचक केंद्र चालवत होत्या. पहिला नमुना पाहून त्यांचा फोन आला.

"अहो सत्यशीला, तुमच्या कॉम्प्युटरवर आमच्या चौदा मुलामुलींचे वडील एकच दिसतायत. नल म्हणून कुणी आहेत. मला एकदा या गृहस्थांना भेटायचंय."

फोन ठेवून तिने एक कोरा कागद घेतला आणि चार नियम लिहिले. छापायच्या कंसात अर्धविराम नको. छापायचं असेल तर बरोबरचं चिन्ह हवं. माहिती रिकामी आहे का ते आधी तपासावं. अवतरणात घातलेलं नाव म्हणजे नुसती अक्षरं, त्याचं उत्तर येत नाही. कागद भिंतीवर लागला. आठवडाभर शांतता होती.

मग तो एप्रिलमधला मंगळवार. जयसिंगने जन्मतारखेवरून वय काढणारं छोटंसं फंक्शन लिहिलं होतं. फंक्शन उद्गारकंसातच लिहावं लागतं, त्याने तसंच लिहिलं होतं. पण ज्याचं वय काढायचं त्याचं नाव, तारीख, नोंदणी क्रमांक साध्या कंसात होते, आणि ते फंक्शनला काही केल्या सापडत नव्हते. सकाळपासून पाचव्यांदा तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. वीज गेलेली, यूपीएस दर दहा सेकंदांनी ओरडत होता, आणि तिचं स्वतःचं काम अर्धवट पडलं होतं.

तिने मान न वळवता सांगितलं, की ते सगळं उचलून वर उद्गारकंसात टाक. फंक्शन तिथे आहे ना, मग तेही तिथेच ठेव, सापडेल.

जयसिंगने तसं केलं. चूक गेली. तरी तो तिथेच उभा.

"चालंल का असं, मॅडम?"

"आत्ता चाललं ना?"

उठून तिने भिंतीवरच्या कागदावर पाचवा नियम लिहिला: फंक्शनला एखादं नाव सापडत नसेल तर ते उद्गारकंसात जाहीर करावं. हा प्रश्न पुन्हा कुणी घेऊन यायला नको.

आणखी एक शिस्त तिने लावली होती, तिचा मात्र तिला अभिमान होता. कोपऱ्यातल्या एका मशीनवर सगळ्यांचं काम एकत्र करून तपासलं जायचं. सुरुवातीला तिघंही एकाच वेळी त्यात हात घालत, आणि काही बिघडलं की कुणामुळे बिघडलं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. प्रयोगशाळेत असं चालत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं स्थिर. तिने लांब, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आणली. तपासायला बसणाऱ्याने वहीत नाव आणि वेळ लिहायची, काय केलं आणि काय दिसलं ते लिहायचं, उठताना सही करायची. तो बसलेला असताना दुसऱ्या कुणी ते पान उघडायचं नाही. रंगनाथ सर आलेल्या पाहुण्यांना ती वही दाखवायचे.

शैलाताईंच्या कामात सगळ्यात नाजूक भाग होता अर्जाची मागची बाजू. बावीस वर्षं त्यांची एक पद्धत होती. अर्जाच्या पुढच्या बाजूला जे चार लोकांना सांगायचं ते: उंची, शिक्षण, गोत्र, अपेक्षा. मागच्या बाजूला घरच्यांनी स्वतःच्या हाताने ते लिहायचं, जे लपवायचं नाही पण चव्हाट्यावरही आणायचं नाही. मोडलेला साखरपुडा, वडिलांचं आजारपण, चष्म्याचा मोठा नंबर. ही बाजू शैलाताई कुणाला दाखवत नसत. दोन घरं तिसऱ्यांदा भेटली आणि गोष्ट पुढे जाईलसं वाटलं, की त्या समोरच्यांना घरी बोलावून, चहा देऊन, स्वतःच्या तोंडाने सांगत. कसं सांगायचं ते त्यांना माहीत होतं. वेबसाइटवर 'आपली नोंद तपासा' असं एक पान होतं. त्यावर दोन्ही बाजू दिसत, पण ज्याची त्यालाच. ते पान जयसिंगने लिहिलं होतं.

नऊ मेला जयसिंग तपासायला बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, की मी बारा नंबरची नोंद मागितली तर एकतीस नंबरची आली. एकदाच आली. सत्यशीलाने चौकशी केली तेव्हा निघालं, की त्याच वेळी शेफालीने शिस्त मोडून आपल्या जागेवरून तेच पान उघडलं होतं. तिला काहीतरी पटकन बघायचं होतं म्हणे. सत्यशीलाने शेफालीला झापलं. मग सगळ्यांना हात वर करायला लावून ती स्वतः बसली आणि बारा नंबरची नोंद दहा वेळा मागवली. दहाही वेळा बारा नंबरचीच आली. जयसिंगच्या ओळीखाली तिने लिहिलं: 'दहा वेळा पाहिलं. पुनरावृत्ती झाली नाही.' सही केली. जयसिंगने चुकून एकतीस टाकला असणार, हे तिने लिहिलं नाही, पण चेहऱ्यावर होतंच.

पंचवीस मेच्या रविवारी केंद्रात वेबसाइट सुरू झाली. कसबा पेठेतल्या त्या बोळात तीन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. खालच्या दुकानात तांब्याच्या पातेल्यांवर ठोके पडत होते आणि वरच्या खोलीत चार कॉम्प्युटर, चार घरं आणि पंखा. शैलाताईंनी नारळ फोडला. रंगनाथ सर इस्त्रीच्या शर्टात आले होते. जयसिंग माउस कसा धरायचा ते आयांना दाखवत फिरत होता आणि सत्यशीला भिंतीला टेकून उभी होती.

अकराच्या सुमाराला चौघांनी आपापले नंबर टाकले. दुसऱ्या कॉम्प्युटरवर एक बाई आपल्या मुलीची नोंद बघत होत्या. चष्मा नाकावर, आणि त्यांना वाचायची सवय मोठ्याने.

"लहानपणी फिट्स येत असत," त्यांनी वाचलं आणि वळून पाहिलं. "हे काय? फिट्स कुणाला? आमच्या मुलीला कधीच…"

तिसऱ्या कॉम्प्युटरपाशी एक तिशीचा मुलगा बसला होता. शुभंकर त्याचं नाव, सहकारी बँकेत नोकरीला, शेजारी आई. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग त्या बाईंकडे, आणि उठून उभा राहिला. त्याच्या आईने पर्स उचलली. दोघं जिना उतरून गेले, आणि खालचे ठोके जरा जास्तच ऐकू यायला लागले.

शैलाताईंनी चारही कॉम्प्युटर बंद करायला सांगितले. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, की चहा केलाय तर पिऊन जा सगळ्यांनी.

सोमवारी सकाळी रंगनाथ सरांनी सत्यशीलाला बाल्कनीत बोलावलं. शैलाताई मंगळवारी अकराला स्वतः येणार होत्या. सरांनी फोनवर त्यांना शब्द दिला होता, की ज्याने हे केलं त्याला ठेवणार नाही. जयसिंगची उमेदवारीची सहा महिन्यांची मुदत एकतीस तारखेला संपत होती, पत्र टाईप करून ठेवलं होतं, आणि अशा वेळी कारण द्यावं लागत नाही. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आवाज मऊ केला. जुलैपासून जर्मनीचं काम येतंय. सहा जणांची टीम, प्रमुख तू.

"पान तुझं नाहीये ना? मग तू यात पडू नकोस. क्लायंटला कुणीतरी एक दाखवावा लागतो."

सत्यशीला म्हणाली, की कारण तरी शोधायला हवं. ते नंतर शोध, सर म्हणाले.

ती तशीच जाऊन कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसली. वहीत नाव लिहिलं, वेळ लिहिली, बाकीच्यांना हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. एकेक नंबर टाकला, एकेक नोंद पाहिली. बारा, बारा. एकतीस, एकतीस. चाळीस वेळा झालं. चूक सापडत नसेल तर माणूस शोधत राहतो. इथे चूक होतच नव्हती. काल एका मुलाला भर सभेतून उठून जायला लावणारं ते पान आज तिच्यासमोर शहाण्या मुलासारखं वागत होतं. दुपारी वीज गेली, आली. एकेचाळिसावी नोंदही बरोबर आली तेव्हा तिने पेन्सिल टेबलावर इतक्या जोरात ठेवली की टोक तुटलं. तिला जयसिंगचा राग आला होता, शेफालीचा, मशीनचा, आणि हा प्रश्न आपल्याला सुटत नाही याचा तर फारच.

जयसिंग आपल्या खुर्चीत दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसला होता. पत्राचं त्याला कळलं होतं. या बंगल्यात काही लपून राहत नसे. त्याच्या घरची वारज्यातली जमीन रस्त्यात आणि सोसायट्यांत गेली होती. चुलते खडी-वाळूच्या धंद्यात उतरले, वडील मात्र चौकात भेटेल त्याला सांगत, की आमचा जयसिंग कंपनीत कॉम्प्युटरवर आहे. चुलत्यांनी आजच निरोप पाठवला होता, एक तारखेपासून गोदामावर ये. शेफालीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, बरं होईल, खडीत कंस नसत्यात.

चारच्या सुमाराला तो उठून आला.

"मॅडम, एक बोलू? तुम्ही एकट्या बघताय. काल चौघं एकदम बघत हुते."

सत्यशीला काही बोलणार होती. एका वेळी एकच, हेच बोलणार होती. ती थांबली. मग तिने वही मागे मागे उलटली, नऊ मेपर्यंत. जयसिंगची ओळ, खाली तिची ओळ, खाली तिची सही. त्या दिवशी शेफालीने शिस्त मोडली होती. म्हणजे वही सुरू झाल्यापासूनच्या चार महिन्यांत दोन माणसांनी एकाच वेळी हे पान उघडल्याचा तो एकुलता एक प्रसंग होता, आणि नेमका त्याच वेळी घोळ झाला होता. तिने सगळ्यात आधी काय केलं होतं, तर दुसऱ्या माणसाला बाजूला काढलं होतं.

दोघंही बसले, ती इथे, तो शेजारच्या मशीनवर. ती बारा, तो एकतीस, एकदम. बरोबर आलं. पुन्हा बरोबर. वीस वेळा बरोबर. तिने डोळे चोळले.

"लई भरभर होतंय त्ये," जयसिंग म्हणाला. "मधी थांबवू की त्येला. नंबर घेतल्यावर पाच सेकंद थांब म्हणून लिहू, मग छाप."

त्याने एक ओळ घातली. सत्यशीलाने बारा टाकला. मनात तीन मोजून जयसिंगने एकतीस टाकला. ते दोघं पडद्याकडे बघत राहिले. आधी तिच्या पडद्यावर नोंद आली, मग त्याच्या. दोन्हीकडे एकतीस नंबरची होती, पुढच्या बाजूसह आणि मागच्या बाजूसह.

तिने पानाचा वरचा भाग उघडला. नाव, तारीख, नोंदणी क्रमांक, सगळं उद्गारकंसात. आता तिला ते इतकं स्वच्छ दिसलं की लाज वाटली. साध्या कंसात जे ठेवाल ते येणाऱ्या प्रत्येकाला वेगळं मिळतं, वर्गातल्या प्रत्येक मुलाची आपापली पाटी असावी तसं. उद्गारकंसातलं पानाच्या मालकीचं, भिंतीवरच्या फळ्यासारखं, सगळ्या वर्गात एकच. एकाने फळ्यावर आपला नंबर लिहिला, त्याचं उत्तर यायच्या आत दुसऱ्याने तो पुसून स्वतःचा लिहिला, की पहिल्याला दुसऱ्याचं उत्तर मिळणार. वर्गात एकच मुलगा असेल तर फळा काय आणि पाटी काय, काही फरक पडत नाही. आणि तिने चार महिने वर्गात एका वेळी एकच मुलगा ठेवला होता.

'साऱ्या पानाचं होतं.' हे तिनेच शिकवलं होतं. साऱ्या पानाचं म्हणजे साऱ्या माणसांचं, एवढं पाऊल पुढे तिने टाकलं नव्हतं. तिने भिंतीकडे पाहिलं. पाचवा नियम तिच्याच वळणदार अक्षरात होता.

"मग तेव्हा जोरात का नाही सांगितलंस?" ती जयसिंगवर घसरली.

"सांगितलं की, मॅडम. तुम्ही वहीत लिवलं."

शेफाली मागे येऊन उभी होती. तिने पडदा पाहिला, भिंत पाहिली, आणि ती हुशार मुलगी होती. हळूच म्हणाली, की मॅडम, टेक्निकली पान तर त्याचंच आहे ना, आणि हा कागद काय, सेलोटेपने लावलाय. जयसिंगही कागदाकडेच बघत होता, जणू तो पडायची वाट बघत असावा.

सत्यशीला पावणेसहाच्या बसने वारज्याला गेली. ती तिथेच एका नव्या सोसायटीत खोली घेऊन राहत होती. ज्या शेतांवर सोसायटी उभी होती ती कुणाची होती, हे तिने कधी विचारलं नव्हतं. बसमध्ये तिने मनातल्या मनात सगळं मांडून पाहिलं. रंगनाथ सर कोड वाचत नाहीत. शैलाताईंना कंस कळत नाहीत. वहीची मागची पानं कुणी उलटत नाही. जर्मनीचं काम जुलैत. सगळं स्थिर ठेवून एकच गोष्ट बदलायची म्हटली तर ती जयसिंग होती, आणि ते किती सोपं होतं याचीच तिला चीड येत होती.

मंगळवारी शैलाताई अकराला पाच मिनिटं कमी असताना आल्या. खालच्या पाटीप्रमाणे चपला काढून, जिना चढून, पदराने वारा घेत बसल्या. शुभंकरच्या आईने अर्ज परत नेला होता. बावीस वर्षांत मागची बाजू त्यांनी स्वतःच्या यजमानांनाही दाखवली नव्हती, असं त्या म्हणाल्या. रंगनाथ सरांनी खाकी पाकीट पुढे सरकवलं. संबंधित मुलाला आम्ही आजच कमी करतो आहोत, त्यांनी सांगितलं.

सत्यशीलाने टेबलावर आधी वही ठेवली, नऊ मेचं पान उघडून. तिच्यावर भिंतीवरचा कागद. काढताना त्याचा एक कोपरा फाटला होता.

"पान जयसिंगने लिहिलं," ती म्हणाली. "पण ज्या चुकीने हे झालं ती मी शिकवली. हा पाचवा नियम माझा आहे. आणि नऊ मेला त्याने मला सांगितलं होतं. त्याच्याखाली ही सही माझी."

"सत्यशीला, टेक्निकल गोष्टी आपण नंतर बोलू," सर म्हणाले.

शैलाताईंनी हात वर केला, तसे ते थांबले. त्यांनी चष्मा लावला आणि वहीतल्या दोन्ही ओळी शांतपणे वाचल्या.

"दहा वेळा पाहिलंत. एकटीने?"

"हो."

"अहो, आमच्या धंद्यात एकाच बाजूला दहा वेळा विचारून काही कळत नाही. दोन्ही घरं एकदम समोरासमोर बसली, की मग कळतं काय ते. मला विचारलं असतंत तर फुकट सांगितलं असतं."

फिजिक्स शिकण्याच्या पाच वर्षांत सत्यशीलाला हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर तिने वहीत लिहून मिटून टाकलं असेल.

मग शैलाताई रंगनाथ सरांकडे वळल्या. ज्याने आधी सांगितलं होतं त्यालाच तुम्ही काढताय, हे गणित मला समजलं नाही, असं त्या म्हणाल्या, त्याच आवाजात ज्यात त्यांनी नल नावाच्या गृहस्थांची चौकशी केली होती. पाकिटाला त्यांनी बोटही लावलं नाही. साइट महिनाभर बंद राहील, नीट करा, चौघांना एकदम बसवून तपासा, मग मला बोलवा. आणि सत्यशीलाने उद्या आपल्याबरोबर शुभंकरच्या घरी यायचं, आत्ता जे बोलली ते तिथे बोलायचं.

सरांनी पाकीट फाडलं नाही, पण खणात टाकून खण लोटला. जुलैचं काय ते जुलैत बघू, एवढंच ते सत्यशीलाला म्हणाले, आणि बाल्कनीत गेले. तेवढ्यावरून तिला कळायचं ते कळलं.

शुभंकरच्या आईने पाणी दिलं, चहा दिला नाही. सत्यशीलाने कंसांचं काही सांगितलं नाही. चूक माझी होती, आणि ती मला आधी दाखवली गेली होती, एवढं सांगितलं. आई खिडकीकडे बघत ऐकत होती. अर्ज काही तिने परत दिला नाही. निघताना शुभंकर दारापर्यंत आला.

"त्या ओळीच्या पुढे आणखी एक होती," तो म्हणाला. "बारा वर्षांत एकदाही त्रास नाही, औषधही बंद. ती छापली गेली होती का?"

"हो. छापली होती."

"तिथपर्यंत वाचलंच नाही त्यांनी," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी सत्यशीलाने वही पुढे ओढली. प्रयोगाच्या वहीत खाडाखोड करायची नसते. चुकलेल्यावर एकच बारीक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी तारखेसह सही करायची. तिने नऊ मेच्या आपल्या ओळीवर तशी रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'पुनरावृत्ती होते. तपासायची पद्धत चुकीची होती. निरीक्षण ज. बराटे यांचं, बरोबर.' मग भिंतीवर नवा कागद लावला. त्यावर पाचव्या नियमाची जागा तिने मोकळी ठेवली. काय लिहायचं ते जयसिंगने ठरवावं, असं तिने त्याला सांगितलं.

तो दोन दिवस विचार करत होता. शनिवारी त्याने लिहिलं: उद्गारकंसात फक्त फंक्शन, माणसाचं काही ठेवू नये. फंक्शनला जे लागेल ते त्याच्या हातात द्यावं. अक्षर गिचमिड होतं, पण नियम बरोबर होता. सत्यशीलाने तो तीनदा वाचला आणि त्यात तिला काही दुरुस्त करता आलं नाही.

मग तिने त्याचं नवं पान चालवून पाहिलं, शेफालीला शेजारी बसवून, दोघींनी एकदम. पान कोसळलं. दोन्ही पडद्यांवर तीच लाल ओळ. तिने कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. छापायच्या कंसात अर्धविराम होता.

"जयसिंग," तिने हाक मारली, "नियम एक वाच."